विश्लेषण : डोंगरात मोबाइलची रेंज गेली तर वॉकी-टॉकी कोणता? परवाना कशासाठी लागतो?

पहिला दमदार पाऊस झाला, की शनिवार-रविवारच्या पहाटे वसई-विरारमधून जीपगाड्या, बुलेट आणि ट्रेकर मंडळींचे जथे बाहेर पडतात. माणिकपूरच्या नाक्यावर चहा घ्यायचा आणि मग कुणी महामार्ग ओलांडून चिंचोटी-कामणकडे, कुणी जव्हारला, कुणी माळशेजला. ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन सुरू असते. पहिली खिंड ओलांडली की ते लोकेशन जागच्या जागी गोठते आणि पुढची गाडी नेमकी कुठे आहे, हे मागच्याला कळेनासे होते. त्यामुळे ‘यंदा वॉकी-टॉकी घेऊ या’ हा विषय अनेक ग्रुपवर निघतो. ऑनलाइन बाजारात डझनावारी संच दिसतात. त्यांतले काही वापरणे बेकायदा आहे, काही डोंगरात निरुपयोगी आहेत आणि जे कायदेशीर आहेत, त्यांच्या खोक्यावरचा रेंजचा आकडा सह्याद्रीत क्वचितच खरा ठरतो. नेमके काय घ्यावे आणि त्याकडून किती अपेक्षा ठेवावी?

मोबाइल असताना याची गरज काय?

मोबाइल फोन शेजारच्या माणसाशी बोलतानाही आधी टॉवरशी बोलतो. टॉवर वस्तीसाठी आणि रस्त्यासाठी उभारलेले असतात, ओढ्याच्या घळीसाठी नव्हे. कडा आडवा आला की वीस पावलांवरच्या सोबत्यालाही फोन लागत नाही. वॉकी-टॉकीला मधला टॉवर लागत नाही. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचात पोहोचते. शिवाय एकाने बटण दाबून बोलले की साऱ्यांना एकाच वेळी ऐकू जाते. घाटातल्या वळणावर पुढच्या गाडीने ‘समोरून एसटी येतेय, थांबा’ एवढे सांगितले तरी मागच्या चार गाड्या जागीच थांबतात. नंबर लावून, रिंग वाजवून हे होत नाही.

संपर्काअभावी काय होते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. ७ जुलै २०१८ रोजी चिंचोटीच्या धबधब्यावर अचानक पाणी वाढले आणि शंभराहून अधिक पर्यटक पलीकडे अडकले. पोलीस, अग्निशमन दल, एनडीआरएफ आणि स्थानिकांनी त्यांना बाहेर काढले, मात्र एकाचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात, २८ जुलैला, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. बचावलेली एकमेव व्यक्ती दरीतून चढून वर आली, तेव्हा बाहेरच्या जगाला अपघात कळला. या दोन्ही ठिकाणी वॉकी-टॉकी असता तर काय झाले असते, हा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. मात्र डोंगरात मदत मिळण्याआधी निरोप पोहोचावा लागतो आणि तो पोहोचवायला बहुतेक वेळा कुणाला तरी उंचावर यावे लागते, हे दोन्हींतून दिसते. वॉकी-टॉकी निवडताना हाच मुद्दा कळीचा आहे.

खोक्यावरचे ‘दहा किलोमीटर’ कुठे जातात?

ते खोटे असतात असे नाही, ते वेगळ्या जागेचे असतात. हातातल्या संचाच्या लहरी जवळपास प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात किंवा समुद्रावर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये, पृथ्वीचा गोलावा धरला तर, साधारण दहा किलोमीटरपर्यंतच सरळ रेषा मिळते. तिथून पुढे जमीनच आड येते. उंची वाढली की चित्र पालटते. रेडिओचे क्षितिज काढण्याचा ढोबळ हिशेब असा : उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. या हिशेबाने तिथले क्षितिज १६५ किलोमीटरच्या पुढे जाते. अर्थात मध्ये दुसरा डोंगर नसेल तर.

हे ‘नसेल तर’ सह्याद्रीत फार महाग पडते. बेसॉल्टचा कडा म्हणजे रेडिओलहरींसाठी भिंत. कामणदुर्गाच्या माथ्यावरून वसईची खाडी दिसते, म्हणजे तिथून खाडीकाठच्या माणसाशी अर्ध्या वॅटच्या संचावरही बोलणे तत्त्वतः शक्य आहे. त्याच डोंगराच्या घळीत उतरलेल्या माणसाला मात्र सोंडेपलीकडे पाचशे मीटरवर असलेल्या सोबत्याचा आवाज येईलच असे नाही. हौशी रेडिओ चालवणारे लोक पाच वॅटच्या हातातल्या संचावरून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी संपर्क साधतात. स्थानक डोक्यावर असते आणि मध्ये काही नसते, एवढेच त्यामागचे कारण.

मग जास्त वॅटचा संच घेतला तर?

दुकानदाराचा पहिला सल्ला बहुधा हाच असतो आणि डोंगरात तो सर्वांत कमी उपयोगाचा ठरतो. अर्ध्या वॅटवरून पाच वॅटवर गेले, म्हणजे शक्ती दहापट केली, तरी मोकळ्या जागेत अंतर दहापट वाढत नाही. ते दहाच्या वर्गमूळाइतके, साधारण तिपटीने वाढते. डोंगर आड असेल तर तेवढेही नाही. सोंडेपलीकडचा आवाज येत नसेल, तर दहापट शक्तीचा संच घेण्यापेक्षा पन्नास पावले वर चढून सोंडेवर उभे राहण्याचा फायदा अनेकदा मोठा असतो. तो फुकट आहे आणि कायद्यातही बसतो. जास्त शक्तीचा आणखी एक तोटा म्हणजे बॅटरी लवकर संपते.

व्हीएचएफ की यूएचएफ?

रेडिओच्या चर्चेत हा वाद हमखास निघतो. व्हीएचएफ म्हणजे ढोबळमानाने १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, त्याची तरंगलांबी सुमारे दोन मीटर. यूएचएफमध्ये ४४६ मेगाहर्ट्झच्या जवळ ती ६७ सेंटिमीटर होते. लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडी अधिक वाकते आणि ओल्या झाडीत कमी शोषली जाते. आखूड लहर गाडीच्या काचेतून, इमारतीच्या फटीतून बरी शिरते आणि तिला छोटी अँटेना पुरते. पावसाळ्यातल्या जंगलात व्हीएचएफ उजवे ठरते, यात शंका नाही. तरीही परवाना नसलेल्या ग्राहकासाठी हा वाद निरर्थक आहे. कारण हातातल्या व्हीएचएफ संचांसाठी भारतात परवानामुक्त पट्टाच नाही.

परवाना कशाला लागतो, कशाला नाही?

भारतात रेडिओ संच बाळगणे आणि वापरणे हा मुळात परवान्याचा विषय आहे. त्याची मुळे १८८५ च्या तार कायद्यात आणि १९३३ च्या वायरलेस कायद्यात आहेत. त्यांची जागा आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्याने घेत आहे. या चौकटीतून काही पट्टे सरकारने मोकळे केले आहेत. वॉकी-टॉकीसाठी सर्वांत महत्त्वाची सूट ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात, कमाल अर्धा वॅट शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. युरोपात हाच पट्टा ‘पीएमआर ४४६’ या नावाने ओळखला जातो. त्याशिवाय २७ मेगाहर्ट्झचा ‘सिटिझन बँड’ २००५ पासून परवानामुक्त आहे. पण त्याची तरंगलांबी ११ मीटर, म्हणून अँटेना लांबलचक लागते आणि हाती धरण्याजोगे चांगले संच इथल्या बाजारात फारसे दिसत नाहीत.

परवाना नको याचा अर्थ कोणताही संच चालतो असा नाही. त्या प्रकारच्या संचाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची ‘ईटीए’ म्हणजे उपकरण मान्यता असावी लागते. खोक्यावर किंवा संकेतस्थळावर ती दाखवता येत नसेल, तर विक्रेत्याला सरळ विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तो संच घेऊ नये.

ऑनलाइन बाजारात या बाबतीत इतका गोंधळ होता, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये वॉकी-टॉकी विकणाऱ्या १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा पाठवल्या. पाठोपाठ अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, ईटीए आहे का, हे आता जाहिरातीतच सांगणे अपेक्षित आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. ज्या पानावर फ्रिक्वेन्सीच लिहिलेली नाही, ते पान तिथेच बंद करावे.

स्वस्त आणि ‘पॉवरफुल’ चिनी संचांचे काय?

बाओफेंगचा ‘यूव्ही-५आर’ हा यातला सर्वांत प्रसिद्ध. शक्ती चार-पाच वॅट, व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही पट्टे, किंमत आवाक्यात. ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणी ना कुणी त्याची शिफारस करतोच. अडचण अशी, की तो कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतो आणि त्याच पट्ट्यांत पोलीस, अग्निशमन दल, जहाजे यांचे बोलणेही चालते. चुकून जरी त्यांच्या वाहिनीवर बटण दाबले गेले, तरी एखाद्या बचावकार्यात अडथळा येऊ शकतो. ४४६ मेगाहर्ट्झवर लावून वापरला तरी शक्ती अर्ध्या वॅटहून अधिक असल्याने तो सवलतीत बसत नाही. परवाना नसताना असा संच नाकाबंदीत सापडला, तर ‘ट्रेकला चाललो होतो’ हे उत्तर पुरेसे नसते.

परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंबाबतही सावध राहायला हवे. अमेरिकेत सुपरमार्केटमध्ये मिळणारे ‘एफआरएस’ संच तिथे परवानामुक्त आहेत, पण ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. हे पट्टे भारतात मोकळे नाहीत. न्यू जर्सीहून मामाने हौसेने आणलेली जोडी इथे घाटात वापरता येत नाही. तिच्या खोक्यावर मैलांत लिहिलेला रेंजचा आकडा तर वरच्या सगळ्या हिशेबाला हसू आणणारा असतो.

‘अमर्याद रेंज’ म्हणजे काय?

‘देशभर रेंज’, ‘पाच हजार किलोमीटर’ असे सांगून विकला जाणारा एक प्रकार दिसायला हुबेहूब वॉकी-टॉकी असतो. आत सिम कार्ड असते. बटण दाबून बोलले की आवाज मोबाइलच्या जाळ्यातून इंटरनेटने जातो. सुरक्षारक्षक, ट्रान्सपोर्ट कंपन्या, मोठी लग्न कार्यालये यांना तो फार उपयोगी आहे. माणिकपूरहून नाशिकला गेलेल्या टेम्पोशी त्यावर बोलता येते. डोंगरात मात्र जिथे मोबाइल बंद पडतो, तिथेच हाही बंद पडतो. म्हणजे ज्या कारणासाठी खरेदी करायची, तेच कारण त्याने सुटत नाही. जाहिरातीत ‘फोर-जी’, ‘सिम’, ‘वार्षिक रिचार्ज’ हे शब्द दिसले की ओळखावे.

पायी, दुचाकीवर आणि जीपमध्ये गरज वेगळी कशी?

पायी जाणाऱ्या गटात पुढचा वाटाड्या आणि शेवटचा माणूस यांच्यात बहुतेक वेळा एक किलोमीटरहून कमी अंतर असते. त्यासाठी ४४६ मेगाहर्ट्झची जोडी पुरेशी आहे. वीस जणांच्या गटाला वीस संच लागत नाहीत. पुढे एक, मध्ये एक, शेवटी एक आणि गट दोन वाटांनी फुटणार असेल तर एक जादा. जास्त संच म्हणजे जास्त बडबड आणि मग महत्त्वाचे वाक्य त्यात हरवते.

दुचाकीस्वारांना हात मोकळे हवेत. हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ किंवा मेश इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात, त्यामुळे कायद्याचा प्रश्न येत नाही. पण तरंगलांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने वळणाआडचा डोंगर त्यांना लगेच अडवतो. घाटात एकमेकांना दिसणाऱ्या गाड्यांपुरते ते उत्तम. तुटलेल्या माणसाला शोधण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

जीपचा प्रश्न सर्वांत अवघड. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धांमुळे ऑफ-रोडिंगचे आकर्षण महाराष्ट्रातही वाढले आहे. चिखलात रुतलेली गाडी विंचने ओढताना तर चालक आणि बाहेरचा माणूस यांच्यातला शब्द जिवावर बेतणारा असतो. इंजिनाचा आवाज, बंद काचा आणि ताणलेली तार अशा वेळी ‘थांब’ हा शब्द अर्धा सेकंद उशिरा ऐकू आला, तरी माणसाचा हात जाऊ शकतो. इथे अंतर वीस मीटरचे असते, त्यामुळे रेंजचा प्रश्न नाही. कानात बसणारा इअरपीस आणि स्पष्ट आवाज महत्त्वाचा. गाड्यांच्या रांगेत मात्र पत्र्याचा पिंजरा आड येतो. हातातला संच गाडीत खाली धरून बोलले तर बरीचशी शक्ती आतच विरते. परवानामुक्त संचांची अँटेना सहसा काढता येत नाही, त्यामुळे टपावर मोठी अँटेना लावण्याचा मार्ग बंद. निदान काच खाली करून संच खिडकीशी धरावा. आवाज तुटत असेल तर उतरून, दोन पावले बाजूला होऊन बोलावे. डोंगरावर आपटून येणाऱ्या लहरी एकमेकींना छेद देतात. तीसेक सेंटिमीटर सरकले तरी मेलेला आवाज जिवंत होतो, हा अनुभव रेडिओ वापरणाऱ्या प्रत्येकाला येतो.

खऱ्या अर्थाने गाडीत बसवायचे संच, टपावरची अँटेना आणि अधिक शक्ती हवी असेल, तर दोनच मार्ग आहेत. एक, संस्थेच्या नावाने दूरसंचार विभागाकडून खासगी वापराचा परवाना आणि स्वतःची फ्रिक्वेन्सी घेणे. हे स्पर्धेचे आयोजक, गिर्यारोहण संस्था, सहल कंपन्या यांना परवडते. चार मित्रांना नाही. दुसरा मार्ग हॅमचा.

हॅम परवाना घेणे कितपत शहाणपणाचे?

हॅम म्हणजे हौशी रेडिओ. बारा वर्षांवरील कुणालाही दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना घेता येतो. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवरून होतो. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. परवानाधारकाला स्वतःचे कॉल साइन मिळते, भारतात ते बहुधा व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होते. त्यानंतर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ पट्टा खुला होतो आणि उंचावर बसवलेल्या रिपीटरचाही उपयोग करता येतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर पुढे पाठवतो. दोन दऱ्यांतले दोघे एकमेकांना दिसत नसले, तरी दोघांनाही डोंगरमाथा दिसत असतो. याच साध्या गोष्टीवर तो चालतो.

आपत्तीत हॅमचे मोल भारताने पाहिलेले आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम केंद्र चालवत होत्या. दूरध्वनी बंद पडल्यावर अंदमानातील लोकांच्या खुशालीचे निरोप त्या केंद्रावरून मुख्य भूमीकडे गेले.

तरीही ट्रेकच्या गटासाठी हा सोपा उपाय नाही. परवाना व्यक्तीला मिळतो, संचाला किंवा ग्रुपला नाही. दोन्ही टोकांना परवानाधारक हवा. एकाने परीक्षा दिली आणि बाकी सहा जणांनी त्याचे संच वापरले, हे चालत नाही. व्यावसायिक कामासाठीही हॅम वापरता येत नाही, त्यामुळे पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या कंपनीला तो मार्ग नाही. दोघे-तिघे नेहमी एकत्र फिरत असतील आणि अभ्यासाची तयारी असेल, तर मात्र याहून चांगली गुंतवणूक नाही. लहरी कशा चालतात, हे परीक्षेच्या निमित्ताने डोक्यात बसते आणि ते ज्ञान कुठल्याही संचाला उपयोगी पडते.

दुकानात काय पाहावे?

पाऊस असेल तर आधी आयपी क्रमांक. ‘आयपी ५४’ म्हणजे शिंतोडे सोसणारा, ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकणारा. सह्याद्रीच्या जुलैसाठी दुसराच हवा, नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या संचातून येणारा आवाज ऐकायची तयारी ठेवावी. बॅटरी बदलता येते का, हे दुसरे. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा संच दोन दिवसांच्या मोहिमेत फार कामाचा, कारण ते सेल जव्हारच्या किराणा दुकानातही मिळतात. बटणे मोठी असावीत, ओल्या बोटांनी किंवा हातमोज्यांनी दाबता यावीत.

चॅनलच्या आकड्यांना भुलू नये. या पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झच्या मोजून १६ वाहिन्या बसतात. त्यांना ३८ ‘प्रायव्हसी कोड’नी गुणून ६०८ चॅनल असल्याचे सांगितले जाते. ते कोड दुसऱ्याचे बोलणे फक्त आपल्या कानापर्यंत येऊ देत नाहीत. आपले बोलणे त्या वाहिनीवरच्या कुणालाही ऐकता येते. गर्दीच्या दिवशी वाहिनी खरोखर मोकळी आहे का, हे तपासायचे तर कोड बंद करूनच ऐकावे लागते.

डिजिटल संच महाग असतात आणि दुकानात त्यांचा आवाज फार स्वच्छ वाटतो. रेंजच्या कडेला दोघांचे वागणे वेगळे असते. डिजिटल आवाज शेवटपर्यंत छान येतो आणि अचानक तुटतो. अ‍ॅनालॉग आधी खरखरू लागतो. ही खरखर म्हणजे इशारा असतो : आता पुढे उतरू नका, किंवा थोडे वर या. शिवाय खरखरीतून ‘डावीकडे’ किंवा ‘पडला’ असे शब्द माणसाचा कान बरोबर वेचतो. डोंगरात पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी साधा अ‍ॅनालॉग संच अधिक बरा.

सॅटेलाइट फोनने प्रश्न सुटत नाही का?

तांत्रिकदृष्ट्या सुटतो, कायद्याने नाही. थुराया आणि इरिडियमच्या फोनवर भारतात बंदी आहे. परवानगी मिळते ती बीएसएनएलमार्फत चालणाऱ्या इनमारसॅट सेवेसाठी आणि तीही रीतसर अर्ज करून. परदेशात गिर्यारोहकांच्या पाठीवर सर्रास दिसणारे गार्मिनचे ‘इनरीच’ हे उपग्रहावरून निरोप पाठवणारे छोटे यंत्रही याच जाळ्यात सापडते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत एका स्कॉटिश गिर्यारोहक महिलेला त्यावरून ताब्यात घेण्यात आले होते. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेल्या मित्राकडून असे यंत्र उसने घेण्याआधी हे लक्षात ठेवावे.

सध्या चर्चेत असलेला आणखी एक प्रकार म्हणजे लोरा तंत्रावरचे मेश संच. ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात ते छोटे मजकूर एकाकडून दुसऱ्याकडे पुढे ढकलत नेतात, त्यामुळे सोंडेवर ठेवलेला एक संच दोन्ही बाजूंच्या दऱ्या जोडू शकतो. आवाज मात्र जात नाही, आणि हौशी जुळवाजुळव लागते.

संकटात हे संच कुणाला ऐकू जातात?

बहुतेकांचा मोठा गैरसमज इथे आहे. ४४६ मेगाहर्ट्झवर पोलीस, वनविभाग किंवा बचावपथक यांपैकी कुणीही कान लावून बसलेले नसते. त्यावर ‘वाचवा’ म्हटले, तर ते ऐकणार आपलाच दुसरा माणूस. म्हणून त्या दुसऱ्या माणसाची जागा आधीच ठरवावी लागते. घळीत उतरणारा गट आणि सोंडेवर थांबणारा एक जण, अशी विभागणी केली तर सोंडेवरच्याला खाली वॉकी-टॉकी आणि बाहेर मोबाइल अशा दोन्ही दिशा मिळण्याची शक्यता असते. ११२ ला फोन तोच लावू शकतो.

वेळही ठरवावी. अमेरिकेतल्या हॅम मंडळींत जुनी पद्धत आहे : सकाळी सातपासून दर तीन तासांनी पाच मिनिटे संच सुरू करून ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचे. दिवसभर संच सुरू ठेवला तर संध्याकाळी, नेमकी गरज असते तेव्हा, बॅटरी संपलेली असते. इथल्या एका दिवसाच्या ट्रेकला दर तासाच्या ठोक्याला दहा मिनिटे पुरतात. दोन ठरलेल्या वेळा चुकल्या, तर वरच्याने वाट न पाहता मदत मागायची, हेही निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

तुंगारेश्वर परिसरात गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. हे अभयारण्य आहे. वाटेबाहेर गाडी घालायला वनविभागाची परवानगी लागते आणि हाती कायदेशीर वॉकी-टॉकी असला तरी ती अट सुटत नाही. प्रवेशाच्या वेळी नाक्यावर किती माणसे, कोणत्या वाटेने आणि किती वाजता परतणार, याची नोंद करून ठेवली, तर शोध कुठून सुरू करायचा, हे निदान ठाऊक असते.

निरोप देताना क्रम उलटा होतो, हा बचावकार्याचा नेहमीचा अनुभव. घाबरलेला माणूस आधी काय घडले ते सविस्तर सांगतो आणि कुठे घडले ते सांगण्याआधी आवाज तुटतो. म्हणून बटण दाबल्यावर एक सेकंद थांबायचे, नाही तर पहिला शब्दच कापला जातो. मग आधी जागा, नंतर जखमींची संख्या, नंतर काय हवे ते. ऐकणाऱ्याने तेच शब्द परत म्हणून दाखवायचे. जागा सांगताना ‘धबधब्याजवळ’ असे न म्हणता मोबाइलच्या जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश वाचायचे. रेंज नसली तरी फोनचे जीपीएस चालू असते.